करवंडे स्टेशनाची पाटी

पाचोऱ्याच्या पलीकडं ओसाड पडलेलं ते स्टेशन दोन गावांनी आपल्या हातानं मारलं, आणि पहिला घाव चिंधा पॉइंटमनचा. उगाच रेल्वेला शिव्या देऊ नका!

स्टेशन उभं राहिलं उंबरवाडेकरांच्या जमिनीत, आणि पाटीवर नाव आलं शेजारच्या करवंड्याचं. झालं! उंबरवाडेकर पाटीला डांबर फासायचे, करवंडेकर त्यांच्या बैलांच्या शेपट्या कापायचे. चिंधा करवंड्याचा. रोज सकाळी फडक्यानं ती पाटी पुसायचा. बायकोच्या तोंडावरून कधी इतक्या मायेनं हात फिरवला नसेल मेल्यानं. लेक मंजुळा मात्र दिलेली उंबरवाड्यातच, वना नावाच्या तरुणाला.

एकोणीसशे एकतीसच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मंजुळा माहेरी यायची होती, सातवा महिना लागलेला. त्याच दिवशी भर दुपारी उंबरवाड्याची चाळीस माणसं कुऱ्हाडी घेऊन फलाटावर चढली. स्टेशनमास्तर आतून कडी लावून बसला. पाटीला शिडी लागली, शिडीवर वना.

"जवाई, खाले उतरा!" चिंधा ओरडला.

"मामा, जमीन आमनी शे, नाव बी आमनंच राही!" म्हणत वनानं पाटीवर घाव घातला.

तोवर करवंडेकर धावत आलेच. बठ्ठा गाव बघतोय, आणि जावई आपलं नाक कापतोय! चिंधाचं डोकं फिरलं. त्या क्षणी त्याला लेक आठवली. खोटं कशाला बोला, आठवली. तरी त्यानं शिडी ओढली.

वना रुळावर डोक्यावर पडला. कवटी फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग कुऱ्हाडी चालल्या. आणखी दोघं मेले, एकाचा हात कोपरापासून तुटून खडीत पडला. महिन्याभरात रेल्वेनं स्टेशन बंद केलं, पाटी उखडून नेली. आता दोन्ही गावांच्या बायाबापड्या चार कोस चालत पुढच्या स्टेशनाला जातात. घ्या नाव!

चिंधाला सात वर्षांची सजा झाली. सुटल्यावर तो घरी गेला नाही, सरळ उंबरवाड्यात मंजुळेच्या दारात उभा राहिला. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. कपाळ मोकळं. पोटातलं मूल वना मेला त्याच आठवड्यात गेलं होतं, हे त्याला तुरुंगातच कळलं होतं.

"माय," तो म्हणाला.

मंजुळेनं सूप खाली ठेवलं, भिंतीकडचा दगड उचलला आणि मारला. त्याची भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. शेजारच्या बाया तिला धरायला धावल्या. चिंधानं हात आडवा करून त्यांना थांबवलं.

"आखो मार, माय."

तिनं पुन्हा मारला.