पेस्टिंगला दिलेले पांढरे हातमोजे

माझी आई हिराबाई, राहणार अवसरी बुद्रुक. २००२ साली दसऱ्यानंतरच्या सोमवारी नारायणगावकडच्या एका द्राक्षबागेत तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. आमच्या शेजारची शांतामावशी. पुढच्या वर्षी त्याच बागेत, त्याच कामावर तिच्या बोटांची सालटं निघाली. पहिल्या अन्यायावर पत्रक मी काढलं. वर ठळक अक्षरांत ‘गुन्हेगार कोण?’ असं छापलं. खाली बागाईतदार होता, मुकादम होता. मी नव्हते. गाव सोडून पुण्याला, मुंबईला, दुबईला गेलेल्यांनो आणि मागे राहिलेल्यांनो, जे तेव्हा गाळलं ते आज लिहिते आहे.

१९९९च्या जूनमध्ये आई मला मंचरच्या स्टँडवर सोडायला आली. भेंडी तोडून तशीच आलेली. ज्यांनी भेंडी तोडली आहे त्यांना माहीत आहे, ती लव दिवसभर हात खाजवत ठेवते. एसटी लागली तशी तिने माझी पिशवी खिडकीतून सीटवर टाकून जागा धरली आणि खाली उभी राहून अंगठ्याने तळवा खाजवत म्हणाली, “कुणाफुडं हात पसरू नको, पोरी.” घरात आम्ही दोघीच. गाडी हलली तेव्हा मी रडले, हे खरं. राजगुरुनगरच्या पुढे डोळे पुसले आणि मला हलकं वाटलं, हेही खरं.

पुण्यात सकाळी कॉलेज आणि दुपारपासून साडीच्या दुकानात काम. पहिल्याच आठवड्यात एका बाईंसमोर रेशमी पदर उलगडताना माझ्या बोटाच्या भेगेत धागा अडकला. बाई दुकानदाराला म्हणाल्या, “अहो, दुसऱ्या कोणाला तरी दाखवायला सांगा. हिचे हात...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. गरजच नव्हती. पहिल्या पगारात मी क्रीम घेतलं आणि पांढरे हातमोजे घेतले. कोपरापर्यंतचे, कडेला लेस. तेव्हा स्कूटीवरच्या सगळ्या मुली घालायच्या, हात काळे पडू नयेत म्हणून. माझ्याकडे स्कूटी नव्हती. मी हातमोजे घालून सिटी बसमध्ये दांडा धरून उभी राहायचे. हसा. मलाही हसू येतं, पण नीट येत नाही.

त्याच काळात मी कष्टकऱ्यांच्या एका संघटनेत जायला लागले. शोषण, श्रम, हक्क, सगळे शब्द पाठ झाले. एका सभेत राबणाऱ्या हातांवर टाळ्या घेणारं भाषण केलं. हातमोजे तेव्हा पर्समध्ये होते.

२००२च्या गणपतीत घरी गेले. आई आता मुकादमाच्या टोळीतून द्राक्षबागेत जात होती. ऑक्टोबरची छाटणी झाली की वेलाच्या काडीला औषधाची पेस्ट लावतात, काडीवरचे सगळे डोळे, म्हणजे कोंब, एकदम फुटावेत म्हणून. औषध जहाल. बायका बादलीत कापडाचा बोळा बुडवायच्या आणि उघड्या हातांनी एकेक काडी पुसत जायच्या. आई म्हणाली, “पुण्यात रबरी मोजं मिळत्यात म्हणं, लांब बाह्यांचं. बघशील का? ती पेस्ट लई आग करती.”

मिळत होते. बोहरी आळीत, आमच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. मी दोनदा त्या गल्लीच्या तोंडाशी गेले आणि दोन्ही वेळा दुकानातली मैत्रीण बरोबर होती. “कशाला हवेत गं?” असं तिने विचारलं असतं तर? आमची घरची बागाईत आहे, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. मी पुढे गेले. दसऱ्याला माझे जुने, डाग पडलेले मोजे धुऊन, इस्त्री करून आईला दिले. कापडी. म्हटलं, “आत्ता हे घाल. रबरी नंतर बघू.”

पुढचं मला शांतामावशीने सांगितलं. आईने मोजे चढवले तशी बायकांत खसखस पिकली. “अगं बया, हिरा मॅडम झाली! उद्यापास्नं स्कूटीवर येती का काय कामाला?” आई म्हणाली, “जळा तुमी! माज्या पोरीनं पुण्यावरनं आणल्यात.” बाकीच्या बायका ओळ संपली की हौदावर हात धुवायच्या. आई गेली नाही. मोजे काढायचे, पुन्हा ओल्या हातात चढवायचे, लेकीची वस्तू खराब व्हायची. ओळीमागून ओळ ते कापड औषध पीत राहिलं आणि कातडीला धरून बसलं. दुपारी मावशीने मोजे ओढून काढले तेव्हा बोटांची कातडी बरोबर आली.

मी धावत गेले. आई म्हणाली, “तुज्या मोज्याचं काय न्हाई. माजंच चुकलं, हात धुवाया पायजे व्हतं.” हे मी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं आणि पत्रक लिहायला बसले. मागणी पहिली: प्रत्येक बाईला हातमोजे द्या. कसले ते लिहिलं नाही. रबरी लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, मग हिराबाईच्या हातात कसले होते? कुणी दिले?

बागाईतदार हबकला. पुढच्या छाटणीला त्याने खरंच हातमोजे वाटले. सुती, सगळ्यांत स्वस्त. “पत्रकात मागितले ते दिले,” म्हणाला. खोटं नव्हतं. आणि आईने माझी अब्रू राखायला गावभर सांगून ठेवलं होतं की हात न धुतल्यानं झालं. म्हणून शांतामावशी दर ओळीला मोज्यांसकट हात हौदात बुडवत राहिली. आपण हिरासारखं चुकत नाही, अशा समाधानात.

तिची बोटं सोलल्याचं कळल्यावर भेटायला गेले तेव्हा ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तू लिव्हलं व्हतंस, म्हणून मी घातलं गं.” आई दारात उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. “आता तरी लिव्ह! मोजं कुणाचं व्हतं, कसलं व्हतं, समदं लिव्ह. अजून किती जणींचं हात जाळणार हायेस?”

मी आता पुण्यातच असते. पत्रकं अजून काढते. अवसरीला गेले की भाकरी मी थापते, कारण आईची बोटं पुरती मिटत नाहीत. मावशी कालवणाची वाटी घेऊन येते, तशीच, पूर्वीसारखी. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच ठिकाण उरलंय जिथे माझा गुन्हा सगळ्यांना माहीत आहे आणि तरी ताट वाढलं जातं.

छाटणी सुरू झाली आहे. बागाईतदार पावणं, सुती मोजे वाटले असतील तर आज परत गोळा करा आणि कोपरापर्यंतचे रबरी द्या. नाही दिले तर बायांनो, बादलीला हात लावू नका. आणि तुम्ही, शहरात बसून हे वाचणारे, गावाकडे फोन लावा. शेजाऱ्यांकडे असेल तर शेजाऱ्यांकडे लावा. आईला, बहिणीला, वहिनीला विचारा की कामावर हातात काय घालतेस. कापड म्हणाली तर आत्ता काढायला सांगा, आणि रबरी विकत घ्यायला आजच्या आज त्या गल्लीत शिरा, बरोबर कुणीही असो.