चुका सांगायचं काम

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत क्लायंटला डेमो फोनवरून दिला जायचा. तिकडे त्यांच्या पडद्यावर सॉफ्टवेअर दिसायचं, इकडून एकजण बोलायचा. बोलणारा कोण, यावर पुढे परदेशी कोण जाणार हे बरंचसं ठरत असे. टीममध्ये अमरावतीचा एक मुलगा होता. कामाचा मोठा भाग त्याने केलेला, पण इंग्रजीमुळे मॅनेजर त्याला बोलू देत नव्हते. शुक्रवारी सगळ्यांसमोर तालीम घेऊन ठरवू, एवढं त्यांनी कबूल केलं होतं.

त्याआधी एकदा ऐकाल का, असं त्याने मला विचारलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, एवढीच माझी टीममध्ये ओळख होती. मीटिंगमध्ये मी तोंड उघडत नसे.

मी त्याच्याकडे पाठ करून बसले. क्लायंटलाही तो दिसणार नव्हता. शिवाय समोर बघून कुणाच्या चुका टिपणं मला जमलं नसतं. तो वीस मिनिटं बोलला. 'इथे', 'हे' म्हणताना पडद्यावर बोट ठेवत असावा. मला काहीच कळत नव्हतं. मी अकरा मुद्दे लिहून त्याला दिले.

त्याने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"एकही गोष्ट बरी नाही का हो मॅडम?"

"बरं आहे ते कशाला लिहायचं?"

"पुण्यात नसतील लिहीत. आमच्याकडे पाहुण्याला घालवायचं असलं तरी आधी चहा पाजतात."

तो हसला, पण पुन्हा बोलायला लागल्यावर दर वाक्याला अडखळू लागला. आता त्याला माझा कागदच आठवत होता. मध्ये एक पायरी मला समजली नाही म्हणून मी विचारलं. त्याने सरळ उत्तर दिलं आणि पुढे बराच वेळ नीट बोलत राहिला. मी तसं सांगितलं.

"मला नाही जाणवलं," तो म्हणाला.

शुक्रवारी दुसऱ्या स्क्रीनवरच त्याचं वाक्य अर्धं राहिलं. मॅनेजरांनी पेनाला टोपण लावलं. तेव्हा मी विचारलं, की भरलेली ऑर्डर रद्द केली तर साठ्याचा आकडा परत कसा वाढतो. उत्तर मला माहीत होतं. सॉफ्टवेअरचा तो भाग तपासायचं काम माझ्याकडेच होतं.

सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. त्याने उत्तर दिलं, त्या उत्तरातूनच पुढच्या स्क्रीनवर गेला आणि शेवटपर्यंत थांबला नाही.

"मंगळवारी तुम्हीच बोला," मॅनेजर त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अहो, आपण याच प्रोजेक्टवर आहात ना? की कंपनीची बस रोज चुकून इथे उतरवते?"

लोक हसले. तो काही सांगायला निघाला होता. मी मानेनेच नको म्हटलं. प्रश्न मुद्दाम विचारला होता असा खुलासा केला असता तर त्याचं ठरलेलं पुन्हा चर्चेला आलं असतं.

मंगळवारचा डेमो झाल्यावर, मला येत नाही असं धरून, साठ्याच्या त्या भागाचं प्रशिक्षण घ्यायला मला रोज तासभर बसवण्यात आलं. शिकवायला तोच होता. आम्ही एका टेबलाशी बसून आपापलं काम करायचो.