प्रिंट आहे, असं मी म्हणाले

मी बेल्जियमच्या जुन्या कॉमिक्सची मूळ पानं जमवते. पानं म्हणजे एक पान. बाकी दोन पत्र्याचे डबे, किल्लीची एक मोटार आणि तडा गेलेला कप. हे बाकीचं सगळं माझ्या पलंगाखाली स्वेटरांच्या बॅगेत असतं. कुवेतमध्ये त्या बॅगेला वर्षातले दहा महिने कोणी हात लावत नाही.

पानासाठी मी ब्रुसेल्सच्या एका विक्रेत्याशी कित्येक महिने ईमेलवर घासाघीस केली. एरवी मी दुकानात पिशवी मागायलाही लाजते, पण ईमेलमध्ये मी फार करारी बाई आहे. नायक असलेलं पान मला झेपणारं नव्हतं. माझ्या पानावर पावसातला रस्ता आणि छत्र्या घेतलेली पाठमोरी माणसं होती. शाईखाली निळ्या पेन्सिलीच्या रेघा दिसायच्या, आणि एक छत्री चुकली होती तिथे चित्रकाराने पांढरा रंग फासला होता. खरं तर त्या चुकीसाठीच मी ते घेतलं. हाताळायला पांढरे सुती हातमोजेही मागवले.

पार्सल आलं तेव्हा दार बाबांनी उघडलं. पान नीट पाहून त्यांनी विचारलं, "ओरिजिनल आहे का?"

आमच्या घरात हा प्रश्न साधा नाही. इथे कुवेतला मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत नोकरी लागण्याआधी बाबांनी नाशिकला आपली डिग्री हौसेने लॅमिनेट करून घेतली होती. परदेशातल्या नोकरीसाठी डिग्रीवर सरकारी शिक्का लागतो, तो प्लॅस्टिकवर मारून मिळेना. विद्यापीठातून दुसरी प्रत निघेपर्यंत इकडे मिळालेली पहिली नोकरी हातची गेली. तेव्हापासून घरात नियम आहे: ओरिजिनलला हात लावायचा नाही, बाकी सगळं लॅमिनेट. आईच्या औषधांची यादीसुद्धा.

हो म्हटलं असतं तर पुढे कोणाचं, कशाला, या वयात कॉमिक्स का, हे सगळं आलं असतं. शिवाय शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पाहुण्यांसमोर ‘दाखव गं’. मी म्हटलं, "नाही, प्रिंट आहे."

मग धुळीचं वादळ आलं. दोन दिवसांनी ऑफिसातून घरी आले, तर माझ्या कपाटावरचं पान हॉलच्या भिंतीवर होतं. चकचकीत. बाबा माझी वाटच बघत होते. फहाहीलच्या झेरॉक्सवाल्याकडे मोठं मशीन आहे म्हणे.

"कागद जाड होता, दोनदा घालावा लागला," ते म्हणाले. "पण आता धूळ बसणार नाही."

मी थँक्स म्हणाले आणि बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ बसले. हातमोजे अजून कोरे आहेत.

त्या शुक्रवारी बाबांचे ऑफिसातले मित्र जेवायला आले. बाबांनी त्यांना भिंतीजवळ नेलं. "छपाई बघा. पेन्सिलच्या रेघा आल्यात, चूक खोडलेली कळतेय. कोणालाही ओरिजिनल वाटेल."

त्यातल्या एका काकांना ते फारच आवडलं. बाबा माझ्याकडे वळले. "अगं, काकांसाठी अजून एक मागव."

सांगायची तीच वेळ होती. पण डिग्रीची गोष्ट बाबा अजूनही हसत सांगू शकत नाहीत.

"एकच होतं," मी म्हटलं.

"संपलं?"

"हो."

"बघा," बाबा काकांना म्हणाले, "हिने बरोबर वेळेवर घेतलं."