अटी वाचणारे आबा

‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या चौकटीत टिचकी मारण्याआधी खरोखर अटी वाचणारा अख्ख्या खानदेशात मी एकच माणूस पाहिला. आमचे आबा. तुम्ही-आम्ही काय करतो? बोट सर्रकन खाली, टिचकी, झालं. आबा चष्मा पुसायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे. तेही मोठ्यानं. कचेरीच्या कागदांत जन्म गेल्यामुळे कायद्याचं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा बरं कळायचं, ते आधी इंग्रजीत वाचायचे आणि मग मराठीत सांगायचे.

आबांचा तो वाचायचा आवाज मी एके काळी फोनमध्ये घेऊन फिरत होते. आता तो माझ्याकडे नाही. तो कसा गेला हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगणार आहे.

मी मूळची जळगावची. धुळ्यात रजिस्ट्री कचेरीच्या मागच्या गल्लीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, तेव्हा आबा साठीला टेकले होते. कचेरीच्या आवारात लिंबाखाली पत्र्याचं टेबल टाकून त्यांनी आयुष्यभर दस्त लिहिले. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, काय म्हणाल ते. मग सगळं कॉम्प्युटरवर भरायची पद्धत आली, आणि बरोबरीचे लोक धंदा बंद करून घरी बसले तेव्हा हा गृहस्थ पांढरा सदरा घालून माझ्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसला.

पहिल्याच दिवशी मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. अटींचं पान आलं. पंधरा पोरापोरींनी टिचकी मारली आणि आबा वाचत बसले. मी दहा मिनिटं दम धरला. मग म्हटलं, “आबा, ते कुणीच वाचत नाही हो!”

आबांनी चष्मा काढला. “मग सही कशी करता, मास्तरीणबाई?”

वर्ग हसला. मला राग आला होता, खरं सांगते. त्या दिवसापासून मी मास्तरीणबाई झाले आणि अखेरपर्यंत तीच राहिले.

पण त्यांचं ते वाचणं म्हणजे नुसता हेका नव्हता. दस्त लिहून झाला की सह्यांच्या आधी तो दोन्ही बाजूंना वाचून दाखवायचा, ही त्यांच्या धंद्याची रीत. बाकीचे दस्तलेखक गाडी पकडायची असल्यासारखे गुणगुणत उरकायचे. आबा एकेक कलम वाचून थांबायचे, समोर बघायचे आणि विचारायचे, “समजलं?” उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ नाही. “ज्याचं जाणार आहे, त्याच्याकडं बघून वाचावं,” असं ते म्हणत. “ज्याला मिळणार आहे त्याला सगळं आधीच समजलेलं असतं.” सोनगीरकडची एक बाई भावांबरोबर हक्कसोडपत्र करायला आली होती, तिच्याकडे बघून ‘स्वखुशीने’ हा शब्द वाचून आबा थांबले. बाई भावांकडे बघायला लागली. आबांनी पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचल्यावर ती म्हणाली, “नही.” भाऊ असे भडकले की टेबल उलथायचंच बाकी राहिलं. आबांनी दस्ताचे उभे दोन तुकडे केले आणि तिला चहा पाजला.

आमच्या क्लासचा मोबाइलवर ग्रुप होता. त्यात मी कॉम्प्युटरच्या जगातल्या बातम्या टाकायचे, कुणी वाचायचं नाही. एकदा घडी पडणाऱ्या फोनची बातमी टाकली. खाली आबांचं उत्तर आलं, एका बोटानं टाइप केलेलं, आणि शेवट दस्ताखाली लिहितात तसा: “फोनची घडी पडते म्हणे. आमच्या धोतराची जन्मापासून पडते. त्याचं कुणी उद्घाटन केलं नाही. वाचून दाखवले.”

ग्रुपमध्ये हसून हसून पुरेवाट. दुसऱ्या दिवशी पोरं विचारायला लागली, आज आबा काय म्हणाले? मग मीच त्यांना एक पान उघडून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘वाचून दाखवले’. रोज सकाळी एक बातमी, तिच्यावर आबांच्या चार ओळी. नाशिक-पुण्याला नोकरीला गेलेली आपली पोरं, दुबईतली पोरं, सगळी वाचायला लागली. दोंडाईच्याचे एक धान्याचे व्यापारी शेठजी दुकान उघडलं की गादीवर बसून ते मोठ्यानं वाचायचे आणि मगच पहिलं गिऱ्हाईक.

काही अजून तोंडपाठ आहेत. पासवर्डवर: “एक मोठं अक्षर पाहिजे, एक आकडा पाहिजे, एक चिन्ह पाहिजे, आणि मागच्यासारखा नको. सोनगीरच्या किल्ल्याला एवढ्या अटी असत्या तर तो आजही उभा असता.” अपडेटवर: “काही किरकोळ दोष दूर केले, असं लिहितात. कोणते, ते लिहीत नाहीत. मी दस्तात असं लिहिलं असतं तर साहेबांनी तो माझ्या तोंडावर फेकला असता.” तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, त्यावर: “नऊ चित्रांतून सिग्नल ओळखा म्हणे. धुळ्यात सिग्नल ओळखून थांबणारा दाखवा, तोच यंत्रमानव.” आणि सगळ्यांच्या तोंडी बसलेलं हे: “यंत्र आता माणसासारखं लिहितं. मी तपासून पाहिलं. चूक दाखवली तर लगेच माफी मागतं. म्हणजे माणसासारखं नाही.”

लोक त्यांना खाजगीतही विचारायचे. रावेरच्या एका मुकादमानं, केळीच्या गाड्या भरतो तो, बॅटरीच्या उजेडाचं एक अ‍ॅप घेतलं. आबांनी फोनवरून त्याला त्याच्याच मोबाइलवरचं वाचायला लावलं. फोटो बघायची परवानगी, नंबर बघायची परवानगी. “अरे, उजेड पाडायला याला तुझ्या सासऱ्याचा नंबर कशाला पाहिजे?” मुकादमानं ते अ‍ॅप काढून टाकलं आणि रावेरहून केळ्यांचा एवढा मोठा घड पाठवला की अक्कांनी आठवडाभर गल्लीत वाटला.

अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. त्यांना वाचता येत नाही. पण पानावर जायच्या आधी प्रत्येक ओळ अक्कांना वाचून दाखवली जायची, त्याशिवाय माझ्याकडे येत नसे. दुपारी चहाच्या वेळी आबा पलंगावर, अक्का खाली तांदूळ निवडत. अक्का हसल्या तर मजकूर पास. नाही हसल्या तर आबा मान हलवून पुन्हा लिहायला बसायचे. “आमच्या सबरजिस्ट्रार नापास करून ऱ्हायल्या,” असं मला कळवायचे.

पुढे आबांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि पडद्यावरचा बारीक टाइप त्यांना दिसेना. तोवर मीही लग्न होऊन परत जळगावला आले होते, तिथल्या एका कॉलेजात लॅब सांभाळत होते. मग आम्ही रीत बदलली. त्यांची सून सकाळी बातमी वाचून दाखवायची, दुपारी आबा आपला मजकूर बोलून मला आवाजी निरोप पाठवायचे, मी टाइप करून पानावर टाकायचे. ते निरोप म्हणजे काय सांगू! आधी खाकरणं. मग “मास्तरीणबाई, लिहा.” मग दस्त वाचावा तशी एकेक ओळ, मध्ये तो थांबा, मागे कुकरची शिट्टी, आणि प्रत्येक थांब्याला अक्कांचं “हं”. शेवटी “वाचून दाखवले.” टाइप करून झालं तरी मी पुन्हा ऐकायचे. नवऱ्याशी भांडण झालं की ऐकायचे, प्राचार्यांनी झापलं की ऐकायचे.

मजकूर पानावर लागला की आबा स्वतःच्या फोनमधला निरोप मात्र पुसून टाकत. “दस्त नोंदला गेला की कच्चा मसुदा फाडायचा, नाहीतर दोन कागद दोन गोष्टी बोलतात.” म्हणजे तो आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या फोनमध्ये. तीन वर्षांचा.

आणि मी काय केलं? कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक डोक्यावर उभे, मला एका यादीचा फोटो काढायचा होता, आणि फोन म्हणतो जागा संपली. खाली चार-पाच ओळी आल्या. मी त्या बघितल्यासुद्धा नाहीत. बोट सर्रकन खाली, ‘मान्य’, झालं. फोटो छान आला. संध्याकाळी घरी येऊन आबांचा निरोप शोधते तर फोनमध्ये एकही नाही. जुने सगळे ऑडिओ कायमचे काढून टाकले जातील, असं त्या ओळींत लिहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही म्हणाल, बॅकअप? बॅकअप कसा घ्यावा हे मी शिकवते, महाराज. माझा स्वतःचा महिनोन् महिने ‘नंतर आठवण करा’वर होता. आबांनी यावरही लिहिलं होतं: “तुमचे फोटो ढगात सुरक्षित आहेत म्हणे. खानदेशातल्या माणसाला ढगाचा भरवसा कुणी द्यायचा?” मी ते स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं आणि हसले होते.

मला वाईट वाटलं, पण जीव गेला नाही. कारण आबा होते ना. आज ना उद्या नवा निरोप येईल, मग आणखी एक. त्या दिवसांत ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नाशिकला गेले होते. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून निरोप बंद होते. ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढायच्या आदल्या दिवशी, जेवून हात धुताना, आबा गेले. हृदयविकार.

मी दहाव्याला धुळ्याला गेले. बायका उठून गेल्यावर अक्कांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, “तुना फोनमा त्यासना आवाज शे ना? माले ऐकू दे.”

मी खोटं बोलले. म्हटलं, फोन दुरुस्तीला टाकलाय. फोन माझ्या पर्समध्येच होता. परत जाताना बसमध्ये मी पारोळा येईपर्यंत रडत होते आणि शेजारची बाई मला लिंबाची गोळी देत होती.

चार महिने मी धुळ्याकडे फिरकले नाही. अक्का मात्र सुनेकडून फोन लावायच्या. “व्हयना का दुरुस्त?” एवढंच विचारायच्या. बाईमाणसानं किती धीर धरावा! शेवटी एका रविवारी मीच गेले. तोच पलंग, तीच तांदळाची परात. मी सांगायला लागले आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मी अक्कांच्या तोंडाकडे बघून सांगते आहे. जाणार होतं ते त्यांचं होतं, आणि मी तेव्हा फक्त परीक्षकांकडे बघत होते.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “फोननी तुले इचारं व्हतं ना?”

“हो अक्का. विचारलं होतं.”

“आन् तू वाचं नही.”

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. अक्कांचा आवाजही चढला नाही.

“बठ्ठं गयं?”

“बठ्ठं.” सगळं.

त्यांनी परातीतला एक खडा काढून बाजूला ठेवला, मग दुसरा. मग म्हणाल्या, “लिखेल ते तरी शे ना?”

“ते आहे. पानावर सगळं आहे.”

“मंग वाच.”

मी फोन काढला आणि पहिलाच, धोतराच्या घडीचा, वाचला. आम्ही मास्तर लोक वाचतो तसा, भरभर. अक्कांनी हात वर केला. “आठे ते थांबेत.” इथे ते थांबायचे. मी पुन्हा वाचला, तिथे थांबले. “पहिले खाकरेत,” त्या म्हणाल्या. मी खाकरले. दोघींना हसू आलं आणि मग दोघींनाही आवरेना, हसू म्हणा की दुसरं काही.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चहाच्या वेळी मी जळगावहून फोन लावते आणि आबांचा एक मजकूर अक्कांना वाचून दाखवते. कुठे थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, कुठे चष्मा काढल्यासारखा आवाज खाली आणायचा, सगळं अक्कांनी बसवून घेतलं. चुकले की नापास. पुन्हा वाच. वर्ष झालं आता. हल्ली चुका कमी होतात.

परवाच्या रविवारी पासवर्डचा वाचला. एक मोठं अक्षर पाहिजे, थांबले. पलीकडून “हं”. एक आकडा पाहिजे, थांबले. “हं”. किल्ल्याच्या आधी तो मोठा थांबा येतो तिथे मी थांबले, आणि मी पुढचं बोलायच्या आधीच अक्का हसल्या. पोटभर हसल्या, आबा समोर पलंगावर बसलेले असताना हसायच्या तशाच. तोंडाला पदर लावल्याचं मला जळगावात कळलं.

त्यांना ऐकू येत होता. माझ्या थांब्यांमधून त्यांना आबांचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू येत होता. मी उरलेली ओळ वाचली, “वाचून दाखवले” म्हटलं, अक्का “समजनं” म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मी तो कानाला तसाच धरून बसले. मला मात्र माझाच आवाज ऐकू येतो.