पेनातली लोकर

‘‘कुणाच्या कळपातलं मेंढरू म्हणायचं हे? खूण तर निळी दिसतीया.’’

नानासाहेब हे बोलले तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये पुण्याचे पाहुणे बसले होते. मी सहीसाठी प्रमाणपत्रं घेऊन उभा होतो, आणि माझ्या पांढऱ्या शर्टाच्या खिशातल्या पेनाची शाई खाली उतरत होती. खिशातून पोटाकडे. सावकाश, सासरला निघाल्यासारखी.

दोन कळपांची मेंढरं एका रानात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून मेंढराच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात. ती खूण. आम्ही इंदापूर तालुक्यातल्या कळसचे धनगर. आबा, म्हणजे माझे वडील, गेरूचा पट्टा ओढायचे. नानासाहेबांना हे ठाऊक होतं. बारामतीतली आमची शिक्षणसंस्था त्यांची. कुणाच्या घरात काय होतं नि कधी विकलं, सगळं त्यांना तोंडपाठ.

पाहुणे हसले. मी काय करावं? मी खिसा पुढं केला आणि म्हणालो, ‘‘साहेब, हात लावू नका. खूण अजून वली हाय.’’

केबिन दणाणली. नानासाहेबांनी टेबलावर थाप मारली. ‘‘लई बेरकी हाय बेणं,’’ म्हणाले. मीही हसलो. नंतर मोरीत शर्ट चोळला, तर डाग आणखी पसरला. मी त्या डागाला म्हणालो, पसर लेका, आपण जिंकलोय.

असा मी हुशार.

आता पेनाचं सांगतो. बाकी सगळं कॉम्प्युटरवर छापलं, तरी प्रमाणपत्रावरचं नाव शाईच्या पेनानंच लिहायचं, हा नानासाहेबांचा दंडक. माझं अक्षर बरं. तेवढ्यावरच मला कारकून म्हणून घेतलेलं, तेही तात्पुरतं. दर जूनला वाटायचं, यंदा कायम होऊ. नानासाहेबांचा पेन परदेशी, मखमली डबीत झोपणारा. माझा बारामतीच्या स्टँडजवळच्या दुकानातला, दुकानात सगळ्यांत स्वस्त. ड्रॉपरनं नळीत शाई ओतायची आणि निबेकडचा पुढचा भाग आट्यांवर पिळून बसवायचा. त्या आट्यांतूनच तो गळायचा. लिहिताना बोटं निळी, जेवताना भाकरी निळी. बायको म्हणाली, ‘‘तुमी लिवता का रंगवता?’’

खूण प्रकरणानंतर मी ठरवलं, हा पेन मीच दुरुस्त करणार. मला पेनातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं आत्मविश्वास दांडगा होता. आधी आट्यांना झटकन चिकटणारा गोंद लावला. गळती थांबली. शाई संपल्यावर कळलं की आता तो उघडतही नाही. पकडीनं पिळला तर नळीच तडकली. दुसरा तसलाच पेन आणला. त्याला नळकामाची पांढरी टेप गुंडाळली. इतकी, की झाकण बसेना. मग मोबाइलवर बघितलं. आट्यांना ग्रीस लावा म्हणे. कसलं ग्रीस, ते मी नीट ऐकलं नाही. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं लावलं. शाई काळी, तेलकट झाली. एका गुणवंत विद्यार्थिनीच्या नावावर मी असा डाग पाडला की माशी बसलीय म्हणून हेडक्लार्क बाईंनी फुंकर मारली.

शेवटी इलाज घरातच सापडला. आबांनी मेंढरं विकली तेव्हा शेवटच्या कातरणीची मूठभर लोकर माळ्यावर ठेवली होती. न धुतलेली. तिला हात लावला की बोटं ओशट होतात. त्या ओशटपणामुळंच मेंढराच्या अंगावर पाणी ठरत नाही. मी आबांना विचारलं, यातलं सूत मिळेल का, पेनाला घालायला? आबा इतके खूश झाले, जसं काही मी कळप परत मागितला. मांडीवर वळून केसासारखं बारीक सूत काढून दिलं. ते आट्यांच्या खोबणीत गुंडाळलं आणि पेन पिळला. उलटा धरला, हलवला, रात्रभर उशाशी ठेवला. एक थेंब नाही.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. लहानपणापासून जो वास नाकात आहे, तो आपल्याला येत नाही.

मे महिना. ऊन पेटलेलं. मी नानासाहेबांसमोर उभा, पेन खिशात, अंग तापलेलं. नानासाहेबांनी नाक वर केलं. ‘‘कुणी मेंढरू आणलंय काय रं आत?’’ टेबलाभोवतीचे सगळे हुंगायला लागले. हुंगत हुंगत माझ्यापर्यंत आले. मी पेन काढला आणि सगळी हकिकत सांगितली. गोंद, टेप, ट्रॅक्टर, लोकर. हावभावासकट. माझं तोंड असं आहे की एकदा सुटलं की थांबत नाही. हेडक्लार्क बाईंच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

पेन त्या दिवसापासून कधी गळला नाही. मी मात्र अडकलो.

कारण नंतर दर पाहुण्याला ही गोष्ट लागायची. चहा, बिस्किटं आणि मी. शिपाई यायचा, ‘‘चला, साहेबांनी पेनाला बोलावलंय.’’ मला नाही, पेनाला. गोष्ट वाढत गेली. नानासाहेबांनी तिला शेवटही दिला: पेन नाकाला लावायचा, डोळे मिटायचे आणि मेंढरासारखं ‘ब्यॅऽऽ’ करायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा नको वाटलं, तरी केलं. एकदा मी म्हणालो, आज घसा बसलाय. नानासाहेब म्हणाले, ‘‘बरंय की. आजारी मेंढराचा काढ.’’ हेडक्लार्क बाई मायेनं सांगायच्या, ‘‘हसवत राहा. जूनमध्ये तुझं होऊन जाईल.’’ जून यायचा. बाकीच्यांचं व्हायचं. मी पुन्हा पेन काढायचो.

आमच्या गावात एक बैल होता, घाण्याचा. घाणा मोडला तरी सोडला की गोल फिरायचा. मी ऑफिसात बसून त्या बैलाला हसायचो.

मग आबा आले. डोळा दाखवायला बारामतीला आलेले. दवाखाना उरकून माझ्या सुटीची वाट बघत व्हरांड्यातल्या बाकावर बसले. नानासाहेबांनी दारातून बघितलं. केबिनमध्ये दुसऱ्या एका संस्थेची माणसं होती. ‘‘आबा, या, आत या. बसा खुर्चीवर,’’ म्हणाले. आबा खुर्चीच्या कडेवर बसले, अंग चोरून. नानासाहेबांनी त्यांना चहा दिला. मला म्हणाले, ‘‘सांग रे, वडलांना पण ऐकू दे.’’

मी सुरू केलं. तोंडाला सवय होती. गोंदावर हसले, टेपवर हसले, ट्रॅक्टरवर फार हसले. आबाही हसत होते, उपरण्याचं टोक तोंडाशी धरून. त्यांना वाटलं, लेकाचं कौतुक चाललंय. लोकरीचं आलं तशी त्यांच्यानं राहवलं नाही. पुढं सरकून म्हणाले, ‘‘सूत मीच वळून दिलं, मालक. लई चांगल्या जातीची मेंढरं हुती.’’

इतकं हसू मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. एकजण खुर्चीवरून घसरलाच. आबांनी चहूकडं बघितलं आणि तेही आणखी मोठ्यानं हसले.

आता फक्त शेवट राहिला होता. पेन माझ्या नाकाशी होता. तो मी खाली घेतला.

‘‘कर की पुढचं,’’ नानासाहेब म्हणाले.

‘‘न्हाय साहेब.’’

‘‘का?’’

‘‘संपली गोष्ट.’’

ते रागावले नाहीत. ते हसतच होते. ‘‘वडलांपुढं लाजतोय गडी. आबा, मग तुमीच करा. मेंढरू कसं वरडतं? तुमाला तर झकास येत आसंल.’’

आबांनी कप खाली ठेवला. खरंच ठेवला. उपरण्यानं तोंड पुसलं, घसा साफ केला. मालकांनी मागितलंय म्हणजे द्यायचं, आयुष्यभर तेच केलेलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘आबा, उठा.’’

‘‘आरं पर मालक म्हणत्यात...’’

‘‘उठा म्हणतो ना.’’

मी त्यांना हाताला धरून उठवलं. केबिनमध्ये कुणी हसत नव्हतं. नानासाहेब हळू बोलले, ‘‘तुझा जून जवळ आलाय बरं का.’’ मी म्हणालो, ‘‘ठाऊक हाय.’’ एवढंच. मला फार मोठं काही सुचलं नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ऐन वेळी दोन शब्द मिळाले.

गाडीत आबा माझ्यावर डाफरले. नोकरी घालवशील, एवढ्या थोर माणसानं खुर्ची दिली, चहा दिला. इंदापूर तालुक्याची हद्द लागल्यावर खिडकीबाहेर बघतच त्यांनी विचारलं, ‘‘ती मला हसत हुती व्हय?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् तुला?’’

‘‘मला तर कवापास्नं.’’

आबांनी खिडकीची काच ओढून घेतली. माळ्यावरची उरलेली लोकर दुसऱ्या दिवशी तिथं नव्हती. काय केलं, मी विचारलं नाही.

जूनमध्ये माझं झालं नाही. मला सुप्याला, संस्थेच्या शाळेतल्या गोदामात टाकलंय. जुनी बाकं मोजायची, मोडकी वेगळी करायची. रोज जाऊन-येऊन कंबर मोडते. दुसरी नोकरी बघतोय, मिळत नाही. म्हणजे मी सुटलोय असं कुणी समजू नका.

गेल्या आठवड्यात हेडक्लार्क बाईंचा फोन आला. स्नेहसंमेलनाला मोठे पाहुणे आहेत, नानासाहेबांनी आठवण काढलीय, ये आणि ती गोष्ट सांगून जा, मग ते तुझं सगळं मार्गी लावतील. बाईंचा आवाज खरंच मायेचा होता. म्हणाल्या, ‘‘पाच मिनिटांचं तर काम आहे. तोंडाला काय लागतंय?’’

मी सांगितलं, ‘‘बाई, मी यायचा न्हाय. गोदामात ठेवा, न्हायतर काढून टाका. साहेबांना ती गोष्ट तोंडपाठ हाय. पाहुण्यांना मेंढरू ऐकवायचं आसंल तर सोत्ता उभं राहून वरडा म्हणावं. आमच्या घरातनं आता कोण वरडायचं न्हाय.’’

बाई म्हणाल्या, ‘‘हे मी त्यांना कसं सांगू?’’

‘‘मी म्हणालो तसंच,’’ मी म्हणालो. ‘‘एक शब्द कमी करू नका.’’