कुणी 'एक्सरसाइज' म्हणालं का?

मंडळी, दुपारपासून डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे विचारतोय.

मी नौदलात होतो. जहाजावर सरावाचा अलार्म असला की स्पीकरवरून आधी तीनदा 'फॉर एक्सरसाइज' म्हणायचे. ते शब्द आले नाहीत, तर आग खरी! निवृत्तीनंतरही कान तेच शब्द शोधतात.

आज सकाळी आमच्या आचोळ्याच्या सोसायटीत अलार्म वाजला. ते शब्द काही आले नाहीत. मी गॅस बंद केला, शेजारच्या आजींना पाठीवर घेतलं आणि जिन्याने थेट खाली. तिथे सेक्रेटरी हसत उभे. "काका, ड्रिल आहे! ग्रुपवर टाकलं होतं ना."

आजी पाठीवरूनच म्हणाल्या, "मी सांगत होते रे, पण तू ऐकशील तर ना!"

दुपारी जेवताना पुन्हा अलार्म. "चालू दे यांचं," म्हणत मी भात कालवत राहिलो.

बायको ताटावरून उठली. "अहो, 'एक्सरसाइज' म्हणालं का कुणी?"

नव्हतं म्हणालं. दार उघडलं तर जिन्यात धूर. खाली मीटरच्या खोलीत वायर जळत होती. मी दारं ठोठावत सुटलो, तर आतून एकच उत्तर, "काका, सकाळी झालं की!"

आग विझली, सगळे सुखरूप आहेत. पण मला कळत नाहीये, जहाजावर झोपेतून ताडकन उठणारा मी आज भात कालवत कसा बसलो?

तुमच्याकडे अलार्म वाजला की तुम्ही उठता, की आधी ग्रुप बघता?