तबकाच्या पाठीवरची अक्षरं

दुपारच्या जेवणानंतर संग्रहालयाच्या दुरुस्ती-खोलीत कुंदाची मान टेबलावर कलंडते. निळ्या रंगात बुडवलेला ब्रश हातात तसाच. पुढ्यात एक जुनं इराणी तबक पालथं पडलंय, आणि शेजारी नानांची चिठ्ठी. नाना म्हणजे तिचे वडील. तिच्या आधी याच टेबलावर फुटकी भांडी सांधायचे. जाण्याच्या आदल्या दिवशी, वाचा गेलेली असताना, इस्पितळात त्यांनी डाव्या हाताने कागदावर चार खुणा केल्या. महिना झाला, कुंदाला त्या लागत नाहीत. 'घरी ने' असेल, या धास्तीने तिचा अर्धा जीव झालाय. डॉक्टर घरी न्या म्हणत होते; तिनेच ऐकलं नाही.

पापण्या जडावतात तोच टेबलापलीकडून नाना म्हणतात, "चिनीमाती म्हणू नकोस हं याला. गारगोटी दळून केलंय. चीनची माती कुठली इराण्यांकडे?"

जन्मभर हेच ऐकवत आले, मेल्यावरही खोड जात नाही. कुंदाला हसू येतं आणि लगेच रडू.

"नाना, चिठ्ठीत काय लिहिलंत?"

नाना उठून चालू लागतात. इस्पितळाचा लांबलचक पॅसेज, भिंतींवर निळे करकोचे, चिनी ढग, न संपणारी वेल. औषधांचा वास मात्र तोच. कुंदा धावते, पण फरशीवर भांड्याची झिलई आहे, पाय ठरत नाही.

"सांगा ना! घरी ने म्हणत होता का?"

"तबकाच्या पाठीवर काय लिहिलंय?"

"काही नाही. चिनी शिक्क्याची नक्कल. कुंभाराला कुठे चिनी येत होतं?"

"मग काढलं कशाला?"

"चिनी भांड्यांवर असायचं म्हणून."

"तिथे काहीतरी लिहायचं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं," नाना म्हणतात. "माझ्या हातालाही तेवढंच ठाऊक उरलं होतं, कुंदे. अक्षरं गेली होती गं."

"पण मनात काय होतं?" ती त्यांची बाही घट्ट धरते. "तेवढं तरी सांगा. मला जगता येत नाहीये, नाना."

नाना चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी डोळ्यांजवळ नेतात. बराच वेळ बघतात.

"मलाही लागत नाही," ते म्हणतात.

कुंदा दचकून उठते. खिडकीत ऊन तसंच आहे, खोलीत कुणी नाही. तिची बोटं निळी झाली आहेत. चिठ्ठीवर नानांच्या चार खुणांखाली अगदी तशाच चार खुणा उमटल्यात, तिच्या हाताच्या. रंग अजून ओला आहे. ती कागद उजेडात धरते, आडवा करते, पुन्हा उभा करते. तिला आपलंही अक्षर लागत नाही.